टार्टन किल्टचे कापड लोकरीचे की ॲक्रिलिकचे? घरच्या घरी असे ओळखा

जुन्या किल्टवर (स्कॉटलंडमधला गुडघ्यापर्यंतचा चुण्यांचा घागरा) लेबल बहुधा नसतेच. असलेच तर ‘ब्लॅक वॉच’ किंवा ‘रॉयल स्टुअर्ट’ असे टार्टनचे नाव असते. ते चौकटींच्या रचनेचे नाव, धाग्याबद्दल त्यातून काहीच कळत नाही. एकच ब्लॅक वॉच जड वर्स्टेड (विंचरून घट्ट कातलेल्या) लोकरीत मिळतो, पॉलिएस्टर-व्हिस्कोसमध्ये (व्यापारात ‘पी.व्ही.’) मिळतो आणि सियालकोटहून येणाऱ्या स्वस्त ॲक्रिलिकमध्येही मिळतो. विक्रेत्याने ‘ॲक्रिलिक वूल’ लिहिले असेल, तर लोकरीचा अंश नाही असेच धरून चाला.

वजनावर भिस्त ठेवू नका. 16 औंसाचे (म्हणजे पूर्ण पन्ह्याच्या एका वाराचे वजन 16 औंस) किल्टचे कापड साधारण 325 ते 360 जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम) भरते, 13 औंसाचे 265 ते 295; पण ॲक्रिलिकही हव्या त्या वजनात विणता येते. हाताला खरखरीत लागते म्हणून लोकर, हाही अंदाजच. खात्री होते ती दोन चाचण्यांनी: आधी जाळून, मग ब्लीचमध्ये बुडवून.

धागा कुठून काढायचा

दर्शनी भागाला हात लावू नका. पुढच्या पदराच्या उभ्या कडेला झालर असते. तिच्यातले दोन-तीन धागे सहज निघतात. मात्र ती झालर कधी कधी वेगळी पट्टी जोडून केलेली असते, म्हणून तेवढ्यावर थांबू नये. कंबरपट्ट्याखालचे अस्तर दोन-तीन टाके उसवून उचलले की आत कापडाची कच्ची कड सापडते. तिथून आडवे आणि उभे असे दोन्ही धागे घ्या. बऱ्याच किल्टमध्ये कापडाची विणलेली किनारच खालच्या कडेला, गुडघ्यापाशी, दुमड न घालता ठेवलेली असते. त्यामुळे ताणा (कापडाच्या लांबीचे धागे) कमरेभोवती आडवा फिरतो आणि बाणा (रुंदीचे धागे) उभा असतो. ताण्यात एक आणि बाण्यात दुसरा धागा असलेले कापडही असते, म्हणून दोन्ही वेगवेगळे तपासायचे. प्रत्येकी 4-5 सेंटीमीटरचे पाच-सहा तुकडे पुरतात. शक्यतो फिके रंग निवडा, गडद रंगात राखेचा रंग नीट कळत नाही.

तुलनेसाठी तीन नमुने हाताशी ठेवा: खात्रीच्या लोकरी शालीचा एक धागा, विणकामाच्या दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त गुंड्याचा तुकडा (तो बहुतेक वेळा ॲक्रिलिकच असतो, लेबल वाचून घ्या) आणि पी.व्ही. सूटिंगची एखादी चिंधी. हे नमुने आधी जाळून पाहिले की नाक आणि डोळे तयार होतात. पहिल्यांदाच करणाऱ्याचे निम्मे घोळ इथेच टळतात.

जाळून पाहणे

स्टीलच्या ताटलीत थोडे पाणी घ्या, मेणबत्ती लावा, पंखा बंद करा पण खिडकी उघडी ठेवा. धागा लोखंडी चिमट्यात धरा; बोटांत कधीच नको, वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. धागा ज्योतीजवळ बाजूने हळूच न्या.

लोकर ज्योतीपासून आक्रसते, कुरकुरत हळू जळते आणि ज्योत काढली की बहुतेक वेळा आपोआप विझते. वास केस जळल्याचा. उरते ती काळी, पोकळ गोळी. थंड झाल्यावर चिमटीत तिचा भुगा होतो.

ॲक्रिलिक भडकते. ज्योत काढली तरी जळत राहते, काळा धूर सोडते, वास उग्र आणि झोंबणारा असतो. मागे वेडावाकडा, टणक काळा गोळा राहतो.

पॉलिएस्टर वितळून मागे सरते, वास किंचित गोडसर रसायनाचा, शेवटी गोल, कडक मणी. व्हिस्कोस कागदासारखे जळते: पिवळी ज्योत, कागद जळल्याचा वास, हलकी करडी राख, मणी अजिबात नाही. पी.व्ही.मध्ये ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसतात: राख आणि तिच्यात कडक खडे.

खरी फसगत होते ती मिश्रणात. केस जळल्याचा वास इतका तीव्र असतो की पंचेचाळीस टक्के लोकर असली तरी सगळे कापड लोकरीचे वाटते. म्हणून वासावर निकाल देऊ नका, गोळी चुरा. भुग्यात बोटांना टोचणारे कण लागले की त्यात कृत्रिम धागा आहे.

ब्लीचची चाचणी

काचेच्या वाटीत 4-5 टक्के सोडियम हायपोक्लोराइटचे ताजे ब्लीच घ्या आणि धागा बुडवा. हातमोजे घाला. त्यात टॉयलेट क्लीनर किंवा कुठलेही आम्ल मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

लोकरीवर आधी बुडबुडे येतात, ती पिवळसर आणि बुळबुळीत होते, आणि अर्ध्या-पाऊण तासात विरघळते. ॲक्रिलिक, पॉलिएस्टर आणि नायलॉन तसेच राहतात. रंग उडणे हा पुरावा नाही, तो कृत्रिम धाग्याचाही उडू शकतो. धागा नाहीसा झाला का, एवढेच बघा. बाटली वर्षभर उघडी पडलेली असेल तर ब्लीचचा जोर गेलेला असतो आणि अस्सल लोकरही त्यात धडधाकट राहते. म्हणून शालीचा धागा शेजारच्या वाटीत हवाच.

सुटे कापड असेल तर प्रमाणही काढता येते. 5 × 5 सेंटीमीटरचा तुकडा 0.01 ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोला. 16 औंसाच्या कापडाचा तो साधारण 0.8 ते 0.9 ग्रॅम भरेल. ब्लीचमध्ये ठेवा, उरलेले नीट धुऊन पूर्ण वाळवा, पुन्हा तोला. घटलेले वजन म्हणजे लोकर. पावसाळ्यात लोकर हवेतली ओल भरपूर धरते, तेव्हा हा आकडा थोडा फुगतो. जे उरले ते पुन्हा जाळा: भडकून वेडावाकडा गोळा झाला तर ॲक्रिलिक, गोल मणी झाला तर पॉलिएस्टर किंवा नायलॉन.

व्हिस्कोसची शंका उरली तर धाग्याचा मधला भाग ओला करून दोन्ही टोके ओढा. ओले व्हिस्कोस फार कमजोर होते, त्यामुळे धागा ओल्या जागीच तुटतो.

निकालावरून पुढे काय

लोकर निघाली तर चुण्या आधी कच्च्या टाक्यांनी बांधा, ओलसर सुती फडके ठेवून इस्त्री करा आणि धुण्यासाठी ड्रायक्लीनिंगला द्या. पी.व्ही. गार पाण्यात धुता येते. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री टेकली की कापड चकाकते आणि ती चकाकी जात नाही. तो किल्ट शेकोटीजवळही नेऊ नये.

खरेदी-विक्रीच्या वादासाठी टक्केवारी लेखी हवी असेल तर घरगुती चाचणी पुरत नाही. ठाण्यातली वूल रिसर्च असोसिएशन किंवा मुंबईतल्या सास्मिरा आणि बीटीआरए या वस्त्रोद्योग संशोधन संस्था यांच्याकडे कापड तपासणीच्या प्रयोगशाळा आहेत. नमुना किती लागेल ते आधी विचारून घ्या, नाहीतर किल्टचाच तुकडा कापून द्यावा लागेल.