लोफोटेनला सर्फिंग शिकायचंय? मग आधी हात गरम ठेवायला शिका

नॉर्वेला नोकरीसाठी आलेल्या आपल्या बऱ्याच मंडळींचा उत्तरेकडच्या लोफोटेन बेटांचा प्लॅन असतोच, नॉर्दर्न लाइट्स बघायच्या, लाल झोपड्यांचे फोटो काढायचे, परत यायचं. मी म्हणते त्यात तीन-चार दिवस वाढवा आणि उन्स्टाडला जाऊन सर्फिंग शिका. वेस्टवॉगोय बेटावरचं हे अगदी छोटं गाव, आर्क्टिक सर्कलच्याही वर, ६८ अंश उत्तरेला, तिन्ही बाजूंनी डोंगर आणि समोर उघडा समुद्र. इथे लाटांवर पहिल्यांदा उभे राहिले ते थोर फ्रांट्झेन आणि हान्स एगिल क्राने, १९६३ साली. दोघं जहाजावर कामाला होते, ऑस्ट्रेलियात सर्फिंग बघून आले आणि घरीच बोर्ड बनवले. पुढे थोर यांच्या मुलीने आणि जावयाने तिथेच सर्फ कॅम्प चालवायला घेतला, आज वेटसूट (थंड पाण्यात घालायचा रबरी सूट) आणि बोर्ड भाड्याने मिळतात, शिकवणारे आहेत, म्हणजे आपल्याला सामान वाहून न्यायची गरज नाही.

जायचं कधी? माझं स्पष्ट मत, सप्टेंबर. जून-जुलैत रात्रीसुद्धा ऊन असतं पण समुद्र बरेचदा सपाट पडलेला असतो. डिसेंबरच्या सुरुवातीपासून जवळजवळ महिनाभर सूर्य वर येतच नाही, मोठ्या लाटाही हिवाळ्यातच येतात आणि पाणी ४ ते ६ अंशांवर येतं, तो नवशिक्यांचा सीझन नाही. सप्टेंबरात पाणी साधारण १० ते १२ अंश, लाटा सुरू झालेल्या, दिवस पुरेसा मोठा, आणि आभाळ मोकळं असलं तर रात्री लाइट्सही दिसतात. इतक्या उत्तरेला समुद्र गोठत नाही तो अटलांटिकमधून वर येणाऱ्या उबदार प्रवाहामुळे, पण उबदार म्हणजे आपल्या गोव्यासारखं नव्हे हां. मुख्य भूमीवरच्या बोडोहून विमानाने लेकनेस गाठा, किंवा बोटीने मोस्केनेस आणि पुढे रस्त्याने. लेकनेसपासून उन्स्टाड साधारण अर्धा तास, शेवटी डोंगरातला बोगदा लागतो आणि तो संपला की एकदम खाडी समोर येते, तिथे गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं लाटा बघत बसा, ते पण शिकण्यातच येतं.

आता मुद्द्याची गोष्ट. बोर्डवर उभं राहणं इथे अवघड नाही, थंडीत डोकं आणि हात चालू ठेवणं अवघड आहे. हात बधिर झाले की बोर्ड दाबता येत नाही, उठायला उशीर होतो, पडता, अजून गारठता, आणि मग वाटतं की आपल्याला हे जमणारच नाही. मी पहिल्या दिवशी दीड तास पाण्यात होते, शेवटच्या अर्ध्या तासात एकदाही उभी राहिले नाही आणि कपडे बदलताना झिप बोटांत धरता येईना. दुसऱ्या दिवशी चाळीस-चाळीस मिनिटांचे दोन राउंड केले, मध्ये गरम खाल्लं, आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा फुटलेल्या लाटेच्या फेसावरून किनाऱ्यापर्यंत उभी आले. म्हणून एक टेस्ट लक्षात ठेवा, दर दहा मिनिटांनी करंगळी अंगठ्याला टेकवून बघा, टेकत नसेल तर बाहेर या. लाट कितीही चांगली येत असू दे, बाहेर या.

सूटवर पैसे वाचवू नका. ५ किंवा ६ मिलिमीटरचा, हुड जोडलेला सूट मागा, सोबत जाड बूट आणि ग्लोव्ज. मापाला घट्टच हवा, कमरेच्या वर पाठीकडे किंवा मानेपाशी पोकळी राहिली तर प्रत्येक लाटेबरोबर गार पाणी आत शिरतं आणि सूट असून नसल्यासारखा होतो. चढवताना पायात प्लॅस्टिकची पिशवी घाला, पाय सरसर जातो, मग पिशवी काढून घ्या. नखांनी ओढू नका, बोटांच्या पेरांनी चिमटीत धरून थोडं थोडं वर घ्या, घाई केली की फाटतो. सूटचा पाय बुटाच्या वरून यायला हवा, बुटाच्या आत नको, नाहीतर बुटात पाणी भरतं. हाताचं पण तसंच, ग्लोव्ज सगळ्यात शेवटी, त्यावर बाही. आणि हो, सूट घालायच्या आधी बाथरूमला जाऊन या. थर्मासमध्ये कोमट पाणी ठेवा, आत जायच्या आधी ग्लोव्जमध्ये थोडं ओता, बोटांना जी सुरुवात मिळते ना ती पंधरा-वीस मिनिटं पुरते.

पॉप-अप, म्हणजे बोर्डवर पालथं असताना झटकन उभं राहणं, वाळूवरच शिका, पण पूर्ण सूट, बूट, ग्लोव्ज घालून. साध्या कपड्यात शिकलेलं पाण्यात कामाला येत नाही, कारण जाड बुटात पायाला बोर्ड लागतच नाही, डोळ्यांनी नाही तर सवयीने पाय पडला पाहिजे. पालथे झोपा, तळवे बरगड्यांपाशी सपाट, कडा पकडायच्या नाहीत, छाती वर, हात दाबून पुढचा पाय दोन्ही हातांच्या मध्ये, गुडघे वाकलेले, नजर किनाऱ्यावर. खाली बोर्डकडे बघितलं की पडलातच. वीस-पंचवीस वेळा करा, अंगही गरम होतं.

बोर्ड मोठा घ्या, ८-९ फुटी फोमचा, लहान बोर्ड चांगला दिसतो म्हणून घेऊ नका. लीश, म्हणजे बोर्डला जोडलेली दोरी, मागच्या पायाला. खाडीच्या दोन्ही टोकांना लाटा मस्त फुटतात पण तिथे खाली मोठमोठे दगड आहेत, ती जागा जाणत्यांची, आपण मधल्या वाळूच्या भागात. कंबरभर पाण्यापुढे पहिले दोन दिवस जायचंच नाही. आत शिरलात की पहिल्या मिनिटाला श्वास अडकल्यासारखा होतो, विहिरीत सूर मारणाऱ्या पट्टीच्या पोहणाऱ्याचाही होतो, घाबरू नका, उभे राहा, तोंडावर पाणी घ्या आणि लांब श्वास सोडा, थोड्या वेळात बसतं. मग बोर्डचं तोंड किनाऱ्याकडे, फेस तीन-चार मीटरवर आला की पोटावर झोपा, दोन-तीन जोरदार हात मारा, फेसाने बोर्ड उचलला असं जाणवलं की उठा. बोर्डचं पुढचं टोक पाण्यात घुसत असेल तर थोडं मागे सरका, बोर्ड जागचा हलत नसेल तर पुढे. बोर्ड कधीही तुमच्या आणि लाटेच्या मध्ये नको, तोंडावर आदळतो. पडताना सपाट पडा, आणि वर येताना हात डोक्यावर. प्रवाह आत ओढायला लागला तर त्याच्याशी झगडू नका, किनाऱ्याला समांतर बाजूला जा, बोर्ड सोडू नका.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक आदल्या रात्री बघून ठेवा, कोकणातल्या माणसाला उधाण (मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (छोटी) सांगायला नको. भरती पूर्ण असली की लाट किनाऱ्याच्या गोट्यांवर येऊन आपटते, तेव्हा थांबा. वारा यर या हवामानाच्या ॲपवर बघा, वारा समुद्रावरून जोरात येत असेल तर पाणी नुसतं खवळलेलं असतं, शिकायला काही मिळत नाही. लाटांची उंची एक मीटरच्या आत असेल तर जा. पण पिरियड म्हणजे दोन लाटांमधले सेकंद, तो १२-१३ असेल तर छोटी दिसणारी लाटही जोराची असते, अशा दिवशी शिकवणाऱ्याला विचारल्याशिवाय जाऊ नका. एकट्याने तर नाहीच नाही. ॲम्ब्युलन्सचा नंबर ११३, फोनमध्ये सेव्ह असू दे.

खाण्याचं पण नीट बघा, रिकाम्या पोटी थंडी दुप्पट लागते. मी घरून शेंगदाण्याचे लाडू नेले होते आणि आल्याचा चहा. बाहेर आल्यावर लगेच कपडे बदला, आधी डोकं कोरडं करा, टोपी घाला, मग बाकी. बाहेर आल्यावरही शरीर काही वेळ गार होत राहतं, त्यामुळे हुडहुडी भरली असेल तर धावत कडकडीत गरम शॉवरखाली जाऊ नका, आधी कोरडे कपडे, गोड चहा, गाडीचा हीटर. आणि रात्री सूट, बूट, ग्लोव्ज उलटे करून गरम खोलीत टांगा, बूट तोंड खाली करून, कारण सकाळी ओल्या गार बुटात पाय घालायचा म्हटलं की माणूस दुसऱ्या दिवशी पाण्याकडे फिरकत नाही.