अंधारलेला फोटो कसा उजळवावा

आरतीच्या वेळचा फोटो. मखरामागे एलईडीच्या माळा लखलखताहेत, समईची ज्योत छान आली आहे, पण तबक धरून उभ्या असलेल्या आजींचा चेहरा काळाठिक्कर. असे फोटो बहुतेक वेळा वाचवता येतात. फक्त थेट ब्राइटनेसचा स्लायडर उजवीकडे ढकलू नका. त्याने चेहरा राखाडी होतो, माळा पांढऱ्याफटक पडतात आणि सावल्यांत रंगीत रवा उठतो.

आधी निदान

फोटो किती अंधारा आहे हे नुसतं स्क्रीनवर बघून ठरवू नका. अंधाऱ्या खोलीत स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवलेला असेल तर अंधारा फोटोही ठीक वाटतो. रात्री कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर होणारी फसगत तीच. त्यापेक्षा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत कुठली छटा किती आहे हे दाखवणारा आलेख, उघडा. त्यात डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं असतं.

सगळा ढीग डावीकडे आणि उजवी बाजू रिकामी असेल तर पूर्ण फोटोलाच प्रकाश कमी पडला आहे. डावीकडे मोठा ढीग आणि उजव्या कडेला चिकटलेला दुसरा छोटा ढीग असेल तर दिवे बरोबर आहेत, माणसं अंधारात आहेत. आरतीचा फोटो या दुसऱ्या प्रकारातला. कॅमेऱ्याचं प्रकाश मोजणारं मीटर समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम राखाडीवर आणायला बघतं. चौकटीत दिवे आले की त्याला उजेड भरपूर वाटतो आणि ते एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा प्रकाश, कमी करतं. खिडकीसमोरचा माणूस काळा येतो तो याच कारणाने.

ढीग डाव्या कडेला आपटून कापला गेला असेल, तर तेवढ्या भागातला तपशील फाइलमध्ये नाहीच. तो कुठल्याच स्लायडरने परत येत नाही.

फाइल कोणती आहे?

जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा असतात, १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरवरून जशीच्या तशी जतन केलेल्या फाइलमध्ये, १६,३८४. स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होण्याची एक पायरी. रॉमध्ये सर्वांत उजळ स्टॉपला यातल्या निम्म्या, म्हणजे ८,१९२ मिळतात, त्याखालच्या स्टॉपला ४,०९६, पुढे २,०४८. प्रत्येक स्टॉपला छटा निम्म्या होत जातात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रकाशही निम्मा होतो. म्हणून सावलीतला भाग ताणून उजळवला की नॉइज, म्हणजे रवा, दिसतो.

आमचा ठोकताळा असा: जेपेग एक स्टॉप उजळवता येतं, फार तर दीड. अलीकडच्या कॅमेऱ्याची, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० ते २०० वर काढलेली रॉ फाइल तीन स्टॉप सहज सहन करते. तोच फोटो आयएसओ ३२०० वर काढला असेल तर दीड स्टॉपनंतर जपून.

रॉ फाइलवरचं काम

लाइटरूम या फोटो सुधारण्याच्या प्रोग्राममधली नावं देत आहोत. डार्कटेबल आणि रॉथेरपी या मोफत प्रोग्रामांत नावं थोडी बदलतात, क्रम तोच.

१. व्हाइट बॅलन्स, म्हणजे दिव्याच्या रंगाची दुरुस्ती, आधी. पिवळ्या दिव्यांत निळा रंग मुळातच कमी पोचलेला असतो, त्यामुळे एक्स्पोजर वाढवल्यावर पिवळेपणा जास्तच डोळ्यांत भरतो. पांढऱ्या सदऱ्यावर किंवा भिंतीवर ड्रॉपर (रंग उचलणारं साधन) टेकवा, मग थोडी ऊब परत द्या. समईच्या उजेडातला चेहरा दुपारच्या उन्हातला वाटला तर तो खोटा दिसतो.

२. एक्स्पोजर वाढवा, पण माळांकडे बघून नव्हे, चेहऱ्याकडे बघून. अर्ध्या-अर्ध्या स्टॉपने पुढे जा. पूर्ण फोटो अंधारा असेल तर बरंचसं काम इथेच संपतं.

३. हायलाइट्स उणे ४० ते उणे ७० करा, म्हणजे दिव्यांभोवतीचा भाग सावरतो. ज्योतीचा गाभा पांढरा राहिला तर राहू द्या; तो डोळ्यांनाही तसाच दिसतो.

४. शॅडोज अधिक ३० ते ५०. याच्या पुढे गेलात की चेहऱ्याच्या कडेने उजळ वलय येतं आणि फोटो सपाट होतो.

५. आता ब्लॅक्स उणे ५ ते १५. ही पायरी बहुतेकजण गाळतात. सावल्या उचलल्यावर काळा रंग धुरकट राखाडी झालेला असतो; केस, काठ, मखराचे कोपरे पुन्हा काळे झाले की फोटोत जीव येतो.

६. चेहरा अजून मागे वाटत असेल तर फक्त त्यावर मास्क (निवडलेल्या भागापुरता बदल) लावून अर्धा ते एक स्टॉप द्या. मास्कची कड मऊ ठेवा. त्वचा केशरी झाली तर त्याच मास्कमध्ये सॅच्युरेशन ५ ते १० ने उतरवा.

नॉइज कमी करणं शेवटी, १०० टक्के झूम करून. रंगीत ठिपके आधी घालवा. त्यासाठी कलर २५ ते ५० पुरतं आणि तपशील फारसा जात नाही. ल्युमिनन्स (उजेडातला रवा) मात्र २० ते ३० वर थांबवा. पुढे त्वचा मेणासारखी होते. शार्पनिंग त्यानंतर, नाहीतर तुम्ही रवाच धारदार कराल. इतकं करूनही रंग डागाळलेले राहिले तर फोटो कृष्णधवल करा. रंगीत डाग जातात आणि उरलेला रवा जुन्या फिल्मसारखा शोभतो.

फक्त जेपेग असेल तर

मूळ फाइलची प्रत करा. जेपेग पुन्हा पुन्हा सेव्ह केलं की दर वेळी थोडं बिघडतं. गिंप या मोफत प्रोग्राममध्ये उघडून प्रिसिजन १६ बिट करा. नव्या छटा येत नाहीत, पण पुढच्या बदलांत असलेल्या छटा तुटत नाहीत. मग कर्व्ह्ज (छटा कमी-जास्त करणारी रेषा) घ्या, रेषेचा डावीकडचा पाव भाग थोडा वर उचला आणि उजवं टोक जागेवर ठेवा. सावल्यांत चौकोनी ठोकळे दिसू लागले की थांबा. जेपेग ८ गुणिले ८ पिक्सेलच्या तुकड्यांत दाबलेलं असतं, ते तुकडे उघडे पडताहेत. फोनवर स्नॅपसीडमध्ये सिलेक्टिव्ह वापरून फक्त चेहरा उजळवता येतो.

पुढच्या आरतीला

मीटर स्पॉटवर (एका छोट्या भागाचाच प्रकाश मोजणारी सेटिंग) ठेवून चेहऱ्यावर रोखा, किंवा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला प्रकाश हाताने कमी-जास्त करणं) अधिक ०.७ ते १.३ द्या. आयएसओ वाढवायला घाबरू नका. आयएसओ १६०० वर नीट उजळ आलेलं जेपेग ४०० वर काढून दोन स्टॉप ताणलेल्या जेपेगपेक्षा स्वच्छ असतं.

लागोपाठच्या फोटोंत सेटिंग तीच असून एक उजळ, एक काळा येत असेल तर दोष तुमचा नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवा.

कॅमेऱ्यातल्या फ्लॅशवर दिवाणखान्याच्या टोकापर्यंत भिस्त ठेवू नका. गाइड नंबर (फ्लॅशची ताकद) १२ असेल तर आयएसओ १०० आणि एफ ५.६ (लेन्सच्या छिद्राचं माप) वर तो जेमतेम दोन मीटर पोचतो. आयएसओ ४०० केला की चार मीटर.

आणि आरती संपली की कॉम्पेन्सेशन शून्यावर आणा. नाहीतर दुसऱ्या दिवशी उन्हातली मिरवणूक पांढरीफटक येईल, आणि ती मात्र जेपेगमध्ये वाचवता येत नाही.