सोलापूरच्या नोंदींचा ब्लॉग : तो कसा चालवावा, कसा सुरक्षित ठेवावा आणि त्याचे वाचक कसे मोजावेत

पूर्व भागातील मागावरच्या कामाचे शब्द, सिद्धेश्वर यात्रेतील मानांची रीत, जुन्या मिलमध्ये आयुष्य घालवलेल्या कामगारांच्या आठवणी, मराठी-तेलुगू-कन्नड अशा तीन भाषांत वाढलेल्या घरांतील बोलणे, असे कितीतरी सोलापुरात लिहून ठेवण्याजोगे आहे आणि त्यातील फार थोडे इंटरनेटवर मराठीत सापडते. ज्यांच्याकडे अशी माहिती आहे, त्यांनी ती समाजमाध्यमांवरील रोजच्या गर्दीत न टाकता स्वतःच्या ब्लॉगवर नोंदवावी, असे मला मनापासून वाटते. कारण समाजमाध्यमांवरचा मजकूर महिन्याभरात शोधूनही मिळत नाही आणि ब्लॉगवरील लेख मात्र नीट सांभाळला तर दहा वर्षांनीही वाचकाला सापडतो.

पहिली पायरी : जागा आणि पत्ता

ज्यांना तांत्रिक कामात वेळ घालवायचा नाही, त्यांनी गूगलची ब्लॉगर ही मोफत सेवा वापरावी. तिच्यात सर्व्हरची देखभाल आणि सॉफ्टवेअरचे अपडेट यांची जबाबदारी आपल्यावर येत नाही. ज्यांना मांडणीवर आणि मजकुरावर पूर्ण ताबा हवा, त्यांनी होस्टिंग, म्हणजे सर्व्हरवरील भाड्याची जागा, विकत घेऊन त्यावर वर्डप्रेस हे ब्लॉग चालवण्याचे सॉफ्टवेअर बसवावे, परंतु त्यासोबत देखभालीचे कामही आपलेच होते, हे आधीच मान्य करावे. दोन्ही ठिकाणी स्वतःचे डोमेन, म्हणजे ब्लॉगचा स्वतःचा इंटरनेटवरील पत्ता, जोडता येते. ते विकत घेताना नोंदणी स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर करावी. वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या खात्यातून डोमेन घेतले, तर पुढे त्याचा संपर्क तुटल्यावर आपलाच पत्ता आपल्या हातून जातो. नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय करावी आणि त्याची तारीख घरातील दिनदर्शिकेवरही लिहून ठेवावी.

मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही फोनवर वा संगणकावर सारख्याच दिसणाऱ्या अक्षरप्रणालीतच, असावा. छापखान्यात पूर्वी श्री-लिपीसारख्या फाँटमध्ये अक्षरजुळणी केलेले स्मरणिकांतील किंवा दिवाळी अंकांतील लेख जसेच्या तसे चिकटवले, तर वाचकाला निरर्थक चिन्हे दिसतात आणि शोधयंत्राला ते मराठी असल्याचे कळतच नाही. असे लेख आधी फाँट-परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावेत आणि मग जोडाक्षरे व रफार काळजीपूर्वक तपासावेत, कारण चुका बहुधा तिथेच राहतात.

लेखाच्या पत्त्याकडे मराठी लेखकांचे हमखास दुर्लक्ष होते. ब्लॉगरवर देवनागरी शीर्षक दिले, की पत्त्यातून ती अक्षरे गळतात आणि अर्थहीन, क्रमांक लावलेला पत्ता तयार होतो. वर्डप्रेसवर देवनागरी पत्ता राहतो, पण तो व्हॉट्सअॅपवर पाठवताना टक्केचिन्हांची लांबच लांब माळ होऊ शकते. म्हणून प्रकाशित करण्यापूर्वीच पर्मालिंकच्या, म्हणजे लेखाच्या कायमच्या पत्त्याच्या, रकान्यात दोन-तीन शब्दांचा रोमन लिपीतील पत्ता स्वतः लिहावा आणि नंतर तो बदलू नये, कारण पत्ता बदलला की इतरांनी दिलेले जुने दुवे तुटतात.

दुसरी पायरी : सुरक्षा

बहुतेक हल्ले कोणा व्यक्तीने आपल्याला हेरून केलेले नसतात. स्वयंचलित प्रोग्रॅम लाखो संकेतस्थळांवर सोपे पासवर्ड आणि सॉफ्टवेअरमधील जुन्या त्रुटी शोधत फिरत असतात. त्यामुळे ‘माझ्या छोट्या ब्लॉगकडे कोण बघणार’ हा विचार सोडून द्यावा.

ब्लॉगर वापरणाऱ्यांचा ब्लॉग म्हणजे त्यांचे गूगल खाते होय. त्या खात्याला लांब आणि इतर कोठेही न वापरलेला पासवर्ड द्यावा आणि द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, सुरू करावी. एसएमएसपेक्षा फोनवरच कोड तयार करणारे ऑथेंटिकेटर अॅप अधिक सुरक्षित असते. त्यासोबत मिळणारे बॅकअप कोड कागदावर छापून घरातील महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावेत, म्हणजे फोन हरवला तरी खाते उघडता येईल.

वर्डप्रेस वापरणाऱ्यांना याहून जास्त दक्षता घ्यावी लागते. ‘अॅडमिन’ हे वापरकर्तानाव ठेवू नये, लॉगिनच्या प्रयत्नांवर मर्यादा घालणारे प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) बसवावे, वर्डप्रेस, थीम (ब्लॉगची मांडणी ठरवणारा साचा) आणि प्लगइन यांचे अपडेट आठवड्यातून एकदा तरी पाहावेत आणि वापरात नसलेले प्लगइन नुसते बंद न करता काढून टाकावे. विकतची थीम कोठेतरी फुकट मिळते म्हणून घेणे सर्वांत धोक्याचे आहे, कारण अशा प्रतींमध्ये छुपा घातक कोड घातलेला असण्याची शक्यता मोठी असते. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणीची खूण, असलेच पाहिजे. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था मोफत देते आणि अनेक होस्टिंग कंपन्या ते एका बटणावर बसवून देतात.

बॅकअपच्या बाबतीत एक गैरसमज फार रुजलेला आहे. ब्लॉगरच्या सेटिंगमधून जी बॅकअप फाइल उतरवून घेता येते, तिच्यात लेखांचा मजकूर असतो, पण छायाचित्रे नसतात. तिथे केवळ त्यांचे दुवे असतात. त्यामुळे मूळ छायाचित्रे वेगळ्या फोल्डरमध्ये स्वतःच जपावी लागतात. वर्डप्रेसमध्ये डेटाबेस (जिथे लेखांचा मजकूर असतो) आणि अपलोडचा फोल्डर (जिथे छायाचित्रे असतात) या दोन्हींची प्रत घ्यावी. एकूण तीन प्रती, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक घराबाहेर, ही जुनी पद्धत आजही उत्तम आहे. आणि कधीतरी त्या प्रतीवरून एखादा चाचणी ब्लॉग प्रत्यक्ष उभा करून पाहावा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर विसंबून राहता येत नाही.

छायाचित्रांविषयी आणखी एक काळजी घ्यावी. फोनमध्ये लोकेशन सुरू असेल तर छायाचित्राच्या फाइलमध्ये त्या जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात. एखाद्या विणकराच्या घरातील माग दाखवताना त्या घराचा नेमका ठावठिकाणा जगाला देण्याचा अधिकार आपल्याला नाही, म्हणून ही माहिती आधी काढून टाकावी.

तिसरी पायरी : वाचकांची मोजणी

ब्लॉगरच्या आकडेवारीत दिसणारा भेटींचा आकडा सुखावणारा असतो, परंतु त्यात स्वयंचलित प्रोग्रॅमच्या फेऱ्याही मिसळलेल्या असू शकतात. सर्वप्रथम स्वतःच्या भेटी न मोजण्याचा पर्याय निवडावा. त्यानंतर वाचकांच्या भेटी मोजणाऱ्या गूगल अॅनालिटिक्स या सेवेत खाते उघडून तेथे मिळणारा मेजरमेंट आयडी हा ओळख क्रमांक ब्लॉगरच्या सेटिंगमधील रकान्यात भरावा. वर्डप्रेसमध्ये हेच काम प्लगइनद्वारे होते. अॅनालिटिक्समध्ये तपशीलवार विश्लेषणासाठीची माहिती मुळात दोन महिनेच साठवली जाते. पहिल्याच दिवशी ही मुदत चौदा महिन्यांवर न्यावी, कारण नंतर बदल केला तरी पुसली गेलेली माहिती परत येत नाही.

आकडे वाचताना त्यांच्या मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. ‘वापरकर्ता’ म्हणजे माणूस नव्हे. एकाच वाचकाने फोनवर आणि संगणकावर लेख वाचला तर दोन वापरकर्ते दिसू शकतात आणि एकाच फोनवर घरातील तिघांनी वाचला तर एकच दिसतो. शहराचा अंदाज आयपी पत्त्यावरून बांधला जातो आणि मोबाइल इंटरनेटच्या बाबतीत तो अनेकदा चुकतो, त्यामुळे अहवालात पुणे किंवा मुंबई म्हणून दाखवलेला वाचक प्रत्यक्षात सोलापूरच्याच सात रस्ता चौकात उभा असू शकतो. सोलापूरबाहेर आपले वाचक वाढले, असा निष्कर्ष त्यावरून काढू नये. व्हॉट्सअॅपवरून आलेले वाचकही बहुधा ‘डायरेक्ट’, म्हणजे थेट आलेले, या सदरात पडतात. गटात पाठवायच्या दुव्याच्या शेवटी वाचक कोठून आला हे सांगणारी यूटीएमची खूण जोडली, तर ते वेगळे ओळखता येतात.

माझ्या मते सर्वांत उपयोगी साधन गूगल सर्च कन्सोल हे आहे, कारण वाचक काय शोधत आला हे त्यातून कळते. त्यात सोळा महिन्यांची माहिती राहते, म्हणजे दोन जानेवारी महिन्यांची तुलना करता येते, आणि सोलापूरविषयी लिहिणाऱ्याला हा महिना महत्त्वाचा आहे. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चार हुतात्म्यांचे स्मरण आणि संक्रांतीच्या सुमारास भरणारी सिद्धेश्वराची यात्रा, म्हणजेच गड्ड्याची यात्रा, एकापाठोपाठ येतात. त्या दिवसांत यात्रेतील ‘अक्षता सोहळा’ किंवा तो जिथे होतो तो ‘संमती कट्टा’ असे शोधणाऱ्यांना आपला लेख दिसतो, पण त्यावर कोणी येत नाही असे आढळले, तर शीर्षक आणि पहिला परिच्छेद सुधारावा. लोक विचारत आहेत आणि आपल्याकडे लेखच नाही असे दिसले, तर पुढचा लेख त्यावरच लिहावा.

वाचक कोण आहे हे शोधण्याच्या मागे मात्र लागू नये. कोणता लेख उपयोगी पडला एवढे जाणणे पुरेसे आहे. अॅनालिटिक्स वापरत असल्याची स्पष्ट माहिती देणारे गोपनीयता धोरणाचे पान ब्लॉगवर असावे. अॅनालिटिक्सच्या अटींतच ते बंधनकारक आहे. ईमेलद्वारे लेख पाठवण्यासाठी वाचकांचे पत्ते गोळा करणार असाल, तर त्यांची संमती घ्यावी आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठीचा २०२३ चा केंद्रीय कायदा नजरेखालून घालावा.

पुढच्या काळाची तजवीज

दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल बंद करू शकते. त्यामुळे खात्याच्या सेटिंगमधील ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ उघडून घरातील विश्वासू व्यक्तीचे नाव नोंदवावे आणि त्या व्यक्तीला तसे सांगून ठेवावे. डोमेनचे खाते, होस्टिंग आणि बॅकअपची जागा यांची यादी तिच्या हाती द्यावी. याशिवाय प्रत्येक महत्त्वाचा लेख प्रकाशित झाल्यावर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जाऊन ‘सेव्ह पेज नाऊ’ या रकान्यात त्याचा पत्ता टाकावा. त्यामुळे मूळ ब्लॉग बंद पडला तरी त्या लेखाची सार्वजनिक प्रत तेथे वाचता येते.