दगडी बांध घालायला निघण्याआधी

आमचा पहिला दगडी बांध अजून जसाच्या तसा उभा आहे, एक दगड हललेला नाही. ओढा मात्र त्याच्या डाव्या अंगाने गेला आणि जाताना काठाची पुरुषभर माती घेऊन गेला. बांध घातलाच नसता तर तेवढी गेली नसती. चूक एकच होती. दोरी ताणून, पाणसळ लावून आम्ही बांधाचा माथा या काठापासून त्या काठापर्यंत एका पातळीत आणला होता. फोटोत छान दिसला. म्हणून बाकीच्या तयारीआधी हे लिहून घ्या: माथा मधोमध खोलगट हवा.

टिकाव, फावडी, घमेली, पहारी, प्यायचं पाणी, टोप्या हे सांगत बसत नाही. हातमोजे तेवढे सांगतो, कारण दगड उलटला की खाली विंचू असू शकतो. जागा ज्याची, त्याची परवानगी आधी घ्या, आणि लेखी.

मग एकदा भर पावसात पाणलोटाची, म्हणजे ज्या उतारांवरचं पाणी ओढ्यात येतं त्या सगळ्या भागाची, फेरी मारा. हे टाळू नका. उन्हात सगळा उतार सारखाच दिसतो, पावसात कळतं की निम्मं गढूळ पाणी गाड्यांच्या चाकोरीतून येतंय. रस्ता, फरसबंदी, छपरं यांचं पाणी कुठे उतरतं ते बघा आणि तिथल्या तिथे शोषखड्ड्यात जिरवता येईल तेवढं जिरवा. एक हेक्टरवर 50 मिलिमीटर पाऊस म्हणजे 5 लाख लिटर पाणी. त्यातलं चौथा हिस्सा जरी वाहिलं तरी सव्वा लाख लिटर होतं, आणि ते तुमच्या दोन फुटी बांधाची वाट बघत थांबत नाही.

काम उताराच्या माथ्याकडून पायथ्याकडे. ओढ्यात बांध घालायची सगळ्यांना घाई असते, कारण तो दिसतो, पण वरून येणारं पाणी आधी मंदावलं नाही तर खालचा बांध पहिल्याच पावसात गाळाने भरतो. वर समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एका पातळीत जाणारे चर खणा. पातळी डोळ्याने ठरवू नका, डोळा फसवतो. पारदर्शक नळीत पाणी भरून घ्या, दोन्ही टोकं एकमेकांशेजारी धरून पाणी सारखं दिसतंय ना ते बघा, मगच कामाला लागा. नळीत हरभऱ्याएवढा बुडबुडा जरी अडकला तरी चर तिरका जातो, मग सगळं पाणी एका कोपऱ्यात जमतं आणि तिथून फोडून निघतं. खणलेली माती उताराच्या खालच्या बाजूला टाका, काठापासून वीतभर सोडून. चरात थोड्या थोड्या अंतरावर न खणलेली आडभिंत राखा, म्हणजे एक तुकडा फुटला तरी सगळा चर रिकामा होत नाही.

आता ओढा. गोटे नकोत, घरंगळतात. कोनेदार, चपटे दगड घ्या, मोठे बाहेरून, बारीक पोटात. पाया फूटभर खणा. दोन्ही टोकं काठात निदान हातभर घुसवा. सुट्या दगडांचा बांध तीन फुटांवर नेऊ नका. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याशी पातळीत येईल एवढं अंतर ठेवा. आणि माथा मधोमध खोलगट. चर समतल, बांध खोलगट! आमच्या डोक्यात याच दोन गोष्टींची गल्लत झाली होती. पूर आला की पाणी बांधावरून जाणारच, तो मधून गेला तर ओढा ओढ्यातच राहतो. सपाट माथ्यावरून तो काठापर्यंत पसरतो आणि काठ म्हणजे नुसती माती. मध्य टोकांपेक्षा फूटभर तरी खाली हवा. कोणीतरी हौशी माणूस शेवटी येऊन 'हा खड्डा राहिला वाटतं' म्हणत तिथे दगड भरतो. आमच्याकडे दुसऱ्या वर्षी भरलाच होता, चहा पिऊन येईपर्यंत. एक माणूस तिथे उभाच ठेवा.

पाणी जिथे पडेल तिथे बांधाच्या खाली दगड अंथरा, नाहीतर पाया पोखरतो.

चराच्या मातीवर गवत लावा, वाळा मिळाला तर उत्तम. गुरं काही दिवस दूर. उघड्या मातीवर पालापाचोळा पसरा.

पहिल्या मोठ्या पावसानंतर फेरी: चर फुटलेत का, टोकांशी माती खचली का, गाळ किती. गाळ काढायचा, दगड बसवायचे, संपलं. आणि ओढ्यावर गेलाच आहात तर बांधासमोर वाकून एकदा माथा बघा. सरळ दिसला तर पहार घ्या आणि मधले दगड काढा.