मुलांची ग्रुप राईड कशी न्यावी, तीही शेवटचं पोर मागे न टाकता

मुलांच्या सायकल क्लबच्या राईडबद्दल जे सल्ले फिरत असतात ते बहुतेक हेल्मेट घाला, पाणी घ्या, मजा करा एवढ्यावरच संपतात. हेल्मेट घालायचं हे ज्याला सांगावं लागतं त्याने दुसऱ्यांची पोरं रस्त्यावर नेऊच नयेत, त्यामुळे ते सगळं झालंय असं धरून पुढचं लिहितेय. हिशोब साधारण असा: दहा ते सोळा वयाची दहा-बारा पोरं, तीन मोठी माणसं आणि अर्ध्या दिवसाची सहल. पोरं याहून जास्त असतील तर एकच लांबलचक रांग करू नका, सरळ दोन ग्रुप पाडा, प्रत्येकाला आपापला पुढचा आणि मागचा माणूस द्या आणि दोन ग्रुपमध्ये भरपूर अंतर ठेवा, म्हणजे मागून येणाऱ्या गाडीला एका दमात सगळ्यांना ओव्हरटेक करावं लागत नाही, मध्ये शिरायला जागा मिळते.

रूट

आधी स्वतः सायकलवरून जाऊन या. कारमधून नाही, कारमधून चढ कळतच नाही. जाताना वारा समोरून आणि येताना पाठीवर येईल असं बघा, कारण दमलेल्या पोराला परतीला समोरून वारा लागला की राईड तिथेच संपते. अंतर सगळ्यात लहान पोराला झेपेल तेवढं. बास.

निघायच्या आधी

हवा, ब्रेक, चेन. पालक म्हणतात "परवाच दुकानातून आणलीये", तरी प्रत्येक सायकलला हात लावून बघा. टायर किती भरायचा ते टायरच्याच कडेला छापलेलं असतं. ब्रेकचा लिव्हर दाबल्यावर हँडलला टेकत असेल तर ती सायकल येणार नाही, तिथेच नीट होत असेल तर ठीक, नाहीतर पोराला वाईट वाटलं तरी चालेल.

आणि एक गोष्ट जी कुणीच बघत नाही ती म्हणजे हँडलच्या टोकाची बुचं. सायकल दोन-चार वेळा आडवी पडली की ग्रिपचं टोक फाटतं, बूच पडून जातं आणि आतल्या नळीची गोल धारदार कडा बाहेर दिसायला लागते. हळू वेगातसुद्धा पोर पडलं, हँडल फिरलं आणि ती उघडी नळी पोटात घुसली तर बाहेर नुसता एक गोल वळ दिसतो आणि आत यकृताला किंवा प्लीहेला मार बसलेला असू शकतो. म्हणून हँडल पोटात लागलं असं पोराने सांगितलं तर ते हसत असलं तरी डॉक्टरकडे न्यायचं, यावर चर्चा नाही. मी बुचं खिशातच ठेवते.

हाका

चारच ठेवा: "गाडी मागे", "खड्डा", "थांबतोय", "पंक्चर". लांबलचक यादी पोरं विसरतात. आपल्याला ऐकू आलं की मागच्याला (गाडीची हाक असेल तर पुढच्याला) ओरडून द्यायचं, मनात ठेवायचं नाही. आणि थांबताना आधी ओरडायचं मग ब्रेक दाबायचा, उलटं नाही. अजून एक गोष्ट निघायच्या आधी मोकळ्या जागेत दोन सायकली उभ्या करून दाखवाच: आपलं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या शेजारी कधी न्यायचं नाही. चाकं घासली की पुढचा सहसा वाचतो, मागचा पडतो, कारण तोल सांभाळायला ज्या चाकाने वळायचं तेच अडकलेलं असतं. पोरांना हे सांगून पटत नाही, बघून लगेच पटतं.

ग्रुप एकत्र ठेवणं

आता खरा मुद्दा. हे जमायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि यावरच सगळ्यात भिकार सल्ले मिळतात. "सगळे एकत्र राहा रे" असं ओरडणं हा सल्ला नाही. "हळू असतील त्यांना मागे आरामात येऊ द्या" हा तर त्याहून वाईट.

एक गोष्ट डोक्यात पक्की करा, ग्रुप मागून तुटत नाही, पुढून तुटतो. बारा पोरं एकामागे एक चालली की सायकलची लांबी आणि मधलं अंतर धरून रांग साठेक मीटरची होते. वळण आलं, सगळ्यात पुढचा ताशी दहाच्या वेगाने वळला आणि वळल्यावर लगेच परत अठराचा वेग धरला. शेवटचं पोर अजून साठ मीटर मागे आहे, पुढचे सगळे हळू झालेत म्हणून तेही दहानेच येतंय, म्हणजे त्याला वळणापर्यंत यायलाच वीसेक सेकंद लागणार. तेवढ्यात पुढचा शंभर मीटर पुढे निघून गेला. साठचे शंभर झाले आणि कुणी काही चुकीचं केलं नाही, कुणी जोरात पळालंही नाही. आता हे शंभर परत साठ करायला शेवटच्या पोराला जीव खाऊन पॅडल मारावं लागतं, आणि पुढच्या वळणाला परत तेच. पुढचे म्हणतात आम्ही तर आरामात चाललोय, मागचं पोर मात्र सकाळपासून पळतंय. शेवटी कोण असतं? तुम्ही "आरामात येऊ द्या" म्हणून मागे ठेवलेलं सगळ्यात लहान, सगळ्यात जड सायकलवालं पोर.

म्हणून सगळ्यात हळू पोर पुढे ठेवायचं, लीड करणाऱ्या मोठ्या माणसाच्या बरोब्बर मागे. तिथे वारा कमी लागतो, धक्के कमी लागतात आणि लीडला त्याचं सगळं ऐकू येतं. त्याच्याशी अधूनमधून बोलत राहा. बोलणं तुटक झालं, एकेका शब्दाला दम घ्यायला लागलं की वेग उतरवा. स्पीडोमीटर बघून वेग ठेवणाऱ्या लीडचा काही उपयोग नाही, वेग मागच्याच्या श्वासावर ठरतो. त्या पोराला "तू हळू आहेस म्हणून पुढे" असं सांगू नका म्हणजे झालं. सांगायचं, तू पुढे राहा, खड्डे तू दाखव.

मागचा माणूस, म्हणजे स्वीप, हा दमदार आणि शांत हवा. पंप, ट्यूबा, टायर लिव्हर (टायर उचकटायची पट्टी), ॲलन की (षटकोनी पाना), प्रथमोपचाराची पिशवी सगळं त्याच्याकडे, कारण जे काही बिघडतं ते मागे पडतं. स्वीपच्या मागे कुणीही जायचं नाही. म्हणजे कुणीच नाही, बुटाची लेस बांधायला थांबलेलं पोरसुद्धा नाही, ते थांबलं की स्वीपही थांबला. तेज पोरांना शेपटाकडे, स्वीपच्या आधी ठेवा. कुरकुर करतील. पण रांग ताणली-आखडली की त्याचा झटका झेपण्याची ताकद त्यांच्याकडेच आहे आणि तेवढा व्यायाम त्यांना हवाच असतो.

वळणावर लीडने करायचं ते एवढंच, की वळल्यावर वेग वाढवायचा नाही. मागून "सगळे आले" अशी हाक स्वीपपासून पोरापोरांतून पुढे येते, ती कानावर आली की मगच वेग धरायचा. ऐकू येत नसेल तर मनात सावकाश तीसपर्यंत मोजा. फार साधं वाटतं आणि फार अवघड जातं, कारण मोकळा रस्ता दिसला की पाय आपोआप जोर लावतात. ज्याला हे जमत नाही तो कितीही भारी सायकलिस्ट असला तरी त्याला मुलांच्या राईडला पुढे ठेवू नका, स्वीपही करू नका, पुढच्या थांब्यावर खाऊ घेऊन पाठवा.

जिथे रस्ता फुटतो तिथे माणूस उभा राहिलाच पाहिजे. तिसरा मोठा माणूस याचसाठी असतो. तो फाट्यावर रस्त्याच्या बाहेर, लांबून दिसेल असा उभा राहतो, हाताने दिशा दाखवतो आणि स्वीप येईपर्यंत हलत नाही. पोरं मोजत बसला तरी हलत नाही, "बहुतेक सगळे गेले" वाटलं तरी हलत नाही. स्वीप आला की मग तो रांगेच्या कडेने पुढे येऊन लीडला गाठतो, यासाठी तो दमाचा लागतो. जवळजवळ दोन फाटे असतील तर दुसऱ्यावर चौदा-पंधराची दोन पोरं जोडीने उभी करा. एकट्या पोराला फाट्यावर सोडायचं नाही, मग ते कितीही शहाणं असो. याचा अजून एक फायदा असा की तिसरा माणूस बराच वेळ परत पुढे आला नाही म्हणजे मागे काहीतरी अडलंय हे लीडला फोन न करताही कळतं, आणि तो पुढची सुरक्षित जागा बघून थांबतो.

मोबाईलवर लाईव्ह लोकेशन टाका म्हणजे झालं असं सांगणारे असतात, त्यांना विचारा की चालत्या सायकलवर तो नकाशा बघणार कोण? पोरांनी फोन काढला की मी राईड थांबवते.

सिग्नलचं वेगळं सांगायला हवं कारण तिथे जिवाचा प्रश्न आहे. अर्धा ग्रुप पलीकडे गेला आणि लाल लागला की मागे राहिलेल्या पोराच्या डोक्यात एकच विचार असतो, मला सोडून जातील. आणि मग ते लाल तोडतं. हे शिस्तीने सुटत नाही, भरवशाने सुटतं. निघताना सगळ्यांसमोर सांगा की सिग्नलला ग्रुप तुटला तर तुटला, पुढचे नेहमी थांबलेले असतील. आणि मग खरंच थांबा, चौकाच्या तोंडाशी नाही, चांगलं पुढे जाऊन, रस्ता सोडून. एकदा जरी पुढचे न थांबता निघून गेले की तुमचं बोलणं फुकट, पुढच्या लालला सगळी पोरं पळणार. लीडनेही हिरवा बराच वेळ लागलेला दिसला की घुसायचं नाही, सगळा ग्रुप अलीकडेच थांबवायचा.

चढावर मात्र एकत्र राहायचा हट्ट सोडा. चढाला प्रत्येकाचा वेग आपला आपला असतो, जबरदस्तीने हळू चालवलेलं पोर डुगडुगतं आणि जबरदस्तीने पळवलेलं पोर उतरून ढकलायला लागतं. चढाखाली सांगायचं, आपापल्या दमाने या, वर भेटू. लीड सगळ्यात पुढच्या पोराबरोबर वर जातो, स्वीप शेवटच्याबरोबर आणि तिसरा माणूस मध्ये कुठेतरी. भेटायची जागा माथ्यावर नको, माथ्याच्या जरा पलीकडे, जिथे रस्त्याला बाजू आहे आणि मागून येणाऱ्या गाडीला आपण वेळेत दिसतो.

आणि इथे जवळजवळ सगळे क्लब जो अन्याय करतात तो असा. पुढची पोरं दहा मिनिटं बसून, पाणी पिऊन, खाऊ संपवून ताजीतवानी झालेली असतात. शेवटचं पोर लालबुंद चेहऱ्याने वर पोचतं, कुणीतरी म्हणतं "चला, आले सगळे", आणि सगळे उठतात. म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळाली नाही आणि ज्यांना नको होती त्यांना दुप्पट मिळाली. "ताई, थांब ना जरा" असं ते पोर म्हणतही नाही, बाकीचे हसतील म्हणून. थांब्याचं घड्याळ शेवटचं पोर टेकल्यावर सुरू होतं. त्याने श्वास घेतला, पाणी प्यायलं, बाटली परत लावली आणि स्वतःहून गप्पा मारायला लागलं की निघायचं. पुढच्यांना कंटाळा येत असेल तर येऊ दे, त्यांना पॅडल न मारता किती लांब जाता येतं असले खेळ द्या. परत खाली जाऊन स्वीपसोबत दुसऱ्यांदा चढायची परवानगी मात्र फक्त मोठ्या पोरांना आणि तीही रस्ता रिकामा असेल तर.

उतार

लीडच्या पुढे कुणी नाही, ओव्हरटेक नाही, अंतर दुप्पट, दोन्ही ब्रेक आणि तेही वळणाच्या आधी. उतारावर शर्यत लावणाऱ्याला पुढच्या राईडला घरी बसवायचं, त्याचे आईवडील भांडायला आले तरी.

पंक्चर

सगळ्यांनी रस्ता सोडायचा, सायकलीसुद्धा. जुनी ट्यूब रस्त्यावर चिकटवत बसू नका, नवी टाका, पण त्याआधी टायरच्या आतून सावकाश बोट फिरवून काटा किंवा तार शोधा, नाहीतर नवी ट्यूबही दोन मिनिटांत पंक्चर होते. चाकांचे साईज वेगवेगळे असतात, त्यामुळे पोरांच्या सायकलींप्रमाणे ट्यूबा घेतल्यात का ते निघतानाच बघा. हवा पोरांना मारू द्या, रांगा लावतात त्यासाठी.

परतताना

शेवटचा टप्पा ओळखीचा असतो आणि घर जवळ आलं की सगळी पोरं पळायला लागतात, म्हणून लीडने इथे अजून हळू व्हायचं. ओळखीच्या कोपऱ्यावरून "मी इथूनच जातो" असं म्हणणाऱ्याला सोडायचं नाही, जिथून निघालो तिथेच सगळे परत. तिथे डोकी मोजा, यादीवर खूण करा, आणि जी पोरं एकटी सायकलने घरी जाणार आहेत त्यांना पोचल्यावर घरून मेसेज टाकायला सांगा. ज्याचा मेसेज अर्ध्या तासात आला नाही त्याच्या घरी फोन करा. बहुतेक वेळा ते जेवून झोपलेलं असतं, तरी करा.