चित्र तुम्ही काढा, बाकीची कामं वाटून टाका

प्रदर्शनाच्या आधीचे दिवस बघा कुठल्याही चित्रकाराचे, फ्रेमवाला, टेम्पो, इन्स्टाची पोस्ट, किमतींची यादी सगळं एकटाच करत बसतो आणि ज्या कॅनव्हासवर शेवटचा हात फिरवायचाय तो भिंतीला टेकून तसाच राहतो. मदत घेतली तर चित्र आपलं राहत नाही असं वाटतं ना, ते डोक्यातून काढा. राजा रविवर्मांबरोबर त्यांचे भाऊ सी. राजा राजा वर्मा काम करायचे, आणि 1894 ला छापखाना काढला तेव्हा जर्मन तंत्रज्ञ होते, तोच छापखाना पुढे आपल्या लोणावळ्याजवळ मळवलीला आला.

आठवडाभर रोज काय काय केलं ते मोबाईलमध्ये लिहून ठेवा. रंग, रेषा, कुठली चित्रं लावायची हे तुमचंच. कॅनव्हास ताणणं, त्यावर रंगाआधीचा प्रायमरचा थर देणं, फोटो, पॅकिंग, कलादालनाच्या बुकिंगची धावपळ हे देता येतं. हिशेब आणि टॅक्स तर सरळ सीएकडे. पण सगळं एकदम नको, जे काम तुम्ही सारखं पुढे ढकलता ते आधी द्या.

कोणाला? पुण्यात आर्ट कॉलेजची पोरं भरपूर आहेत, टिळक रोडला अभिनव कला महाविद्यालयाच्या बाहेर उभं राहिलात तरी कळेल. फक्त 'शिकायला मिळेल' म्हणून फुकट राबवू नका प्लीज, त्यांनाही रंग विकतच घ्यावे लागतात.

आणि मागताना "जरा मदत करशील का" असं मोघम नको, समोरच्याला कळतच नाही किती वेळ जाणार. "शनिवारी 4 ते 6 दहा चित्रांचे फोटो काढून देशील का, एवढे पैसे देईन, रिक्षाचे वेगळे" असं बोला. मग नीट सांगा, फ्लॅश नको, दोन्ही बाजूंनी साधारण 45 अंशात लाईट, कॅमेरा चित्राला समांतर. पॅकिंगचं तर लिहूनच द्या, बबल रॅप डायरेक्ट रंगावर लावला की गोल गोल ठसे उमटतात, आधी ग्लासिन पेपर (पातळ, गुळगुळीत कागद) हवा. पहिलं चित्र सोबत बसून करा, नंतर मात्र उठा तिथून, दर पाच मिनिटांनी डोकावलात तर तुमचा वेळ काही वाचला नाही.

काम झालं की त्याच दिवशी जीपे करा, आणि प्रदर्शनाच्या बोर्डावर त्यांची नावं लावा, कशी लिहायची ते त्यांनाच विचारून.