पावसाळी मरगळ आणि बिघडलेली झोप: उजेडाचा चष्मा कसा वापरावा

मे संपत आला की महाबळेश्वरात घरांना झड्या बांधायची लगबग सुरू होते. पूर्वी गवताच्या असायच्या, हल्ली बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकच्या. पाऊस भिंतीला लागू नये म्हणून बांधायच्या आणि त्यापायी चार महिने घरात भर दिवसा दिवा लावून बसायचं. खाली साताऱ्यात इतकं नसतं, तरी आषाढात अजिंक्यतारा किल्ला ढगात बुडालेला असतो आणि सकाळचे नऊ वाजले तरी उजाडल्यासारखं वाटत नाही. या दिवसांत अंथरुणातून उठवत नाही, कशात मन लागत नाही, खाणं वाढतं, दुपारी डोळा लागतो आणि रात्री टक्क जाग. अशांसाठी प्रकाशोपचाराचा चष्मा, म्हणजे डोळ्यांवर उजेड टाकणारं, चष्म्यासारखं घालायचं उपकरण, ही उपयोगी वस्तू आहे. मात्र तो कधी घालायचा हे नीट कळलं नाही, तर पैसे वाया जातातच, झोपही आणखी बिघडते.

हंगामी नैराश्याचं वर्णन आणि त्यावरचा उजेडाचा उपचार १९८४ साली अमेरिकेत डॉ. नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. तो आजार मुख्यतः थंड देशांतल्या हिवाळ्याचा, आणि बहुतेक प्रयोगही तिथलेच. स्टॉकहोमला सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात बारा तासांहून जास्त फरक पडतो. साताऱ्यात तो जेमतेम दोन तासांचा. म्हणजे आपल्याकडे दिवस आखूड होत नाही, ढग आणि बंद घर मिळून तो खाऊन टाकतात. आपण स्वीडनचे लोक नाही हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

उजेड काम करतो तो डोळ्यांतून. डोळ्याच्या आतल्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्यांचा पाहण्याशी संबंध कमी आणि मेंदूतल्या घड्याळाशी जास्त. त्या निळसर उजेडाला, साधारण ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, सर्वांत जास्त दाद देतात. सकाळचा उजेड हे घड्याळ अलीकडे ओढतो, रात्रीचा पलीकडे ढकलतो. म्हणून माझ्या मते या उपचारात पहिला मान वेळेचा, मग तीव्रतेचा, आणि कंपनी कुठली हा प्रश्न सगळ्यात शेवटी.

आधी दहा-बारा दिवस वही

चष्मा मागवण्याआधी दहा-बारा दिवस रोज चार गोष्टी लिहा: कधी पाठ टेकली, अंदाजे कधी झोप लागली, कधी जाग आली, दिवसभर मन कसं होतं. सुट्टीच्या दिवशी गजर न लावता कधी जाग येते ते वेगळं लिहा. हा आकडा पुढे फार लागणार आहे.

वहीतून तुमची तऱ्हा कळते. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं रात्री दोन-तीनला झोपतात आणि दहाला उठतात, त्यांचं घड्याळ मागे पडलेलं. घरातले आबा आठ वाजता भाकरी खाऊन आडवे होतात आणि तीनला उठून खाटेवर बसून राहतात, त्यांचं पुढे गेलेलं. तिसरी तऱ्हा पावसाळी मरगळीची: झोप भरपूर, तरी अंग जड. या तिघांना उजेडाचा उपयोग होऊ शकतो. पण मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं, सकाळी डोकं जड होणं असं काही असेल तर ते दुखणं वेगळं, डॉक्टरांना दाखवा. थकवा असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. या चष्म्यातून ड जीवनसत्त्व मिळत नाही, कारण त्यात अतिनील किरण नसतात आणि नसावेतच.

मग डोळे आणि गोळ्या

ही पायरी गाळू नका. मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झालेला असेल, काचबिंदू असेल, पडद्याचा दुसरा काही आजार असेल किंवा डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, तर नेत्रतज्ज्ञांना विचारल्याशिवाय सुरुवात करायची नाही. आपल्याकडे साखरेचे पेशंट घरटी सापडतात, म्हणून हे पहिल्यांदा सांगतोय. काही औषधांनी अंग आणि डोळे उजेडाला हळवे होतात, उदाहरणार्थ डॉक्सिसायक्लिन, मुरुमांवरची आयसोट्रेटिनॉइन, काही मानसिक आजारांवरच्या जुन्या गोळ्या. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं घेऊनच डॉक्टरांकडे जा.

बायपोलर आजार असेल, किंवा पूर्वी कधी अकारण उत्साहाचा झटका येऊन गेला असेल, तर हा उपचार मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच. सकाळच्या प्रखर उजेडाने मन उलट्या टोकाला जाऊ शकतं.

फुकटचा उजेड आधी

घरात ट्यूबलाइटखाली डोळ्यांपर्यंत शंभर ते तीनशे लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड पोचतो. बाहेर ढगाळ सकाळीसुद्धा तो काही हजारांत असतो, आणि उन्हात लाखापर्यंत जातो. मोबाइलवर लक्स मोजायचं अॅप मिळतं. आकडे अगदी अचूक नसतात, पण स्वयंपाकघरातून अंगणात आलात की फरक लगेच दिसतो. आपल्या डोळ्यांना तो जाणवत नाही, कारण ते पटकन जुळवून घेतात.

म्हणून आधी पंधरा दिवस, उठल्यावर तासाभराच्या आत अर्धा-पाऊण तास बाहेर. पाऊस असेल तर उघड्या व्हरांड्यात, गॅलरीत, गोठ्याच्या दारात. एक बारकी गोष्ट: काळी छत्री डोक्यावर धरून चालायला गेलात तर वरचं सगळं आभाळ तुम्हीच झाकून टाकता. पारदर्शक छत्री किंवा रेनकोट बरा, आणि टोपीचा कड मागे. रोज साताऱ्यातल्या ‘चार भिंती’ स्मारकाकडे किंवा किल्ल्यावर फिरायला जाणाऱ्यांनी आणि पहाटे दूध घालणाऱ्यांनी चष्म्यावर पैसे घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत.

घरात झडी आहे, गुडघ्यांमुळे बाहेर पडवत नाही, लहान मूल आहे, एमआयडीसीत रात्रपाळी आहे, किंवा पंधरा दिवस बाहेर जाऊनही फरक नाही, अशांनी पुढच्या पायरीकडे वळावं.

घेताना काय पाहायचं

चष्म्याच्या दुकानात ‘ब्लू कट’ म्हणून जी काच मिळते ती नेमकी उलट वस्तू आहे; ती निळा उजेड अडवते. त्वचेसाठी विकले जाणारे लाल दिव्यांचे मुखवटेही वेगळे. आपल्याला हवं आहे ते डोळ्यांवर निळसर-पांढरा किंवा हिरवट-निळा उजेड टाकणारं, एलईडी बसवलेलं, चार्जिंगचं उपकरण. बेल्जियमच्या ल्युमिनेटमध्ये दिवे डोळ्यांच्या वर असतात. ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठातल्या संशोधनातून आलेल्या री-टायमरमध्ये ते खालच्या बाजूला असतात. दोन्ही नंबरच्या चष्म्यावरून घालता येतात. बाहेरून मागवताना जकात धरून खर्च मोठा होतो, तेव्हा परत घेण्याची अट आणि वॉरंटी आधी वाचा. अतिनील किरण नसल्याचं लेखी असावं, डोळ्यांपाशी किती लक्स पोचतात तो आकडा दिलेला असावा. नुसते ‘वॅट’ सांगणाऱ्याकडून घेऊ नका.

टेबलावरच्या दिव्यांवर १०,००० लक्स लिहिलेलं असतं आणि चष्म्यावर ५०० ते १,५०० च्या आसपास, म्हणून चष्मा दुबळा ठरत नाही. त्याचा उजेड निळसर असल्यामुळे लक्सच्या मानाने जास्त परिणाम करतो. शिवाय दिवा हातभर अंतरावरून दूर सरकला की त्याचे लक्स झपाट्याने उतरतात, चष्मा मात्र तुमच्याबरोबर फिरतो. वर महाबळेश्वरच्या बाजूला पावसाळ्यात लाइट गेली की कधी येईल याचा भरवसा नसतो, तेव्हा चार्ज केलेला चष्मा कामी येतो. बसून राहायची सवय असेल आणि बजेट कमी असेल, तर १०,००० लक्सचा टेबलदिवा तीस-चाळीस सेंटिमीटरवर ठेवून अर्धा तास बसणं हा जुना आणि सर्वांत तपासलेला मार्ग आहे.

घरचा जुगाड करू नका. नऊ वॅटचा एलईडी बल्ब मीटरभर अंतरावरून फार तर शंभर-दीडशे लक्स देतो, आणि हॅलोजन डोळ्यांसमोर धरणं धोक्याचं.

वेळ बसवणं

नुसती मरगळ असेल आणि झोपेची वेळ ठीक असेल, तर उठल्यावर तासाभरात, शक्यतो आठच्या आत.

झोप मागे पडलेल्यांची इथे फसगत होते. वहिनी म्हणतात, उद्यापासून पाचला ऊठ आणि चष्मा लाव. दहाला आपसूक उठणाऱ्या पोराच्या शरीरात पाचला अजून मध्यरात्र असते. नैसर्गिक जाग येण्याच्या दोन-तीन तास आधी शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं. त्या वेळेच्या आधी मिळालेला उजेड घड्याळ आणखी मागे ढकलतो, नंतरचा पुढे ओढतो. म्हणजे या मुलाने पहिल्या दिवशी चष्मा दहालाच लावायचा. मग दर दोन दिवसांनी गजर आणि चष्मा दोन्ही पंधरा-वीस मिनिटं अलीकडे. सातपर्यंत यायला तीन आठवडे लागतील, लागू द्या. सुट्टीच्या दिवशी अकरापर्यंत लोळलात तर बरीचशी मेहनत पाण्यात गेली.

आबांचं उलटं. त्यांना सकाळी अजिबात नको. संध्याकाळी सात ते आठच्या दरम्यान, बातम्या बघताना. पहाटे तीनला उठून मोठा दिवा लावायचा नाही; लागलाच तर मंद, पिवळा.

रात्रपाळीवाल्यांनी उजेड पाळीच्या पहिल्या अर्ध्यात घ्यायचा. सकाळी सुटल्यावर घरी येईपर्यंत काळा गॉगल आणि घरी जाड पडदे. गॉगल लावून पेंगत बाइक चालवू नका, कंपनीच्या बसने या. आणि उजेडाचा चष्मा घालून कुठलंही वाहन चालवायचं नाही, स्कूटीसुद्धा.

रोजचं लावणं

पहिले तीन-चार दिवस सर्वांत कमी उजेडावर दहा-पंधरा मिनिटं. त्रास नसेल तर कंपनीने सांगितलेल्या वेळेपर्यंत वाढवा, ती तीव्रतेनुसार साधारण वीस ते पंचेचाळीस मिनिटं असते. पट्टी नाकावर अशी बसवा की दिवे नजरेच्या रेषेबाहेर राहतील. सरळ पाहताना डोळ्यांच्या कडेला निळसर झाक दिसते, समोरचं स्पष्ट दिसतं. दिव्यांकडे टक लावायची नाही.

हा घालून चहा ठेवा, भाजी निवडा, पेपर वाचा. भाकरी थापता येते, पण तव्यावर वाकताना वाफ काचेवर धरते आणि एलईडीची पट्टी तापल्या तव्याच्या जवळ जाते, म्हणून भाजण्याआधी काढून ठेवलेली बरी. प्राणायामाच्या वेळी लावू नका. डोळे मिटून बसायचं असेल तर उजेड पापणीवरच अडकतो, उपचार शून्य.

डोकं दुखलं, डोळे चुरचुरले, मळमळलं किंवा चिडचिड झाली तर वेळ निम्म्यावर आणा. बहुतेकांचं काही दिवसांत निवळतं. संध्याकाळी जेवणानंतर घरातले दिवे कमी करा, फोन लांब ठेवा. रात्री अकराला डोळ्यांवर स्क्रीन असेल तर सकाळी मिळवलेलं तिथेच जातं.

वापरून झाल्यावर कोरड्या कापडाने पुसून डब्यात, सिलिकाच्या पुडीसह. आपल्या दमट हवेत काचांना बुरशी धरायला वेळ लागत नाही.

किती दिवसांत, आणि थांबायचं कधी

मरगळीवर आठवड्या-दोन आठवड्यांत फरक दिसतो. तीन-चार आठवडे नेमाने लावूनही वही जशीच्या तशी असेल, तर उजेड हे तुमचं औषध नाही. जुन्या निद्रानाशावर संज्ञानात्मक वर्तनोपचार (झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलायचा, बिनगोळ्यांचा उपचार) हा पहिला उपाय मानतात, त्याची चौकशी करा. चालू असलेल्या नैराश्याच्या गोळ्या चष्म्याच्या भरवशावर बंद करायच्या नाहीत.

दोन-तीन तास झोपूनही थकवा नाही, बोलणं थांबत नाही, खरेदीचा सपाटा लागलाय, असं घरच्यांच्या लक्षात आलं तर चष्मा त्याच दिवशी बंद आणि डॉक्टर. जगणं नको वाटत असेल तर अजिबात वाट बघायची नाही. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलते. २०२२ पासून ती सुरू आहे.

बरं वाटायला लागलं म्हणून श्रावणातच सोडू नका. ढग असेपर्यंत मरगळ परत येते. घटस्थापनेच्या सुमारास आभाळ मोकळं झालं की रोजची पाच-पाच मिनिटं कमी करत आणा आणि तेवढा वेळ अंगणात काढा. वही फेकू नका. मरगळ कुठल्या आठवड्यात सुरू झाली ते त्यात असेल, पुढच्या वर्षी त्याच्या पंधरा दिवस आधी चष्मा चार्जिंगला लावा.